दुसऱ्यांदा होणारा डेंगी: स्कॉट हॉलस्टेड यांच्या शोधाची पार्श्वभूमी

पावसाळा सरत आला की घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रक्ततपासणीचे रिपोर्ट फिरायला लागतात. बघणारा आधी प्लेटलेटचा आकडा बघतो, मग एनएस१, म्हणजे डेंगीच्या विषाणूचं एक प्रथिन, पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते बघतो. त्याखाली आयजीएम आणि आयजीजी या प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांच्या, आणखी दोन ओळी असतात. त्यातल्या शेवटच्या ओळीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण ताप येऊन चार-पाचच दिवस झालेत आणि आयजीजी ठळक पॉझिटिव्ह आहे असं दिसलं, तर डॉक्टर जरा सावध होतात. या पेशंटला डेंगी आधी कधीतरी होऊन गेला असावा, ही दुसरी खेप असावी, अशी शंका त्यांना येते. गंभीर डेंगीचा धोका पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त असतो.

हे आज पाठ्यपुस्तकात आहे. पण कांजिण्या एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, गोवर एकदाच होतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. आजार होऊन गेला की अंगात बळ येतं, हा शहाणपणा पिढ्यान् पिढ्यांचा. डेंगीच्या बाबतीत तो उलटा पडतो, हे पहिल्यांदा ठामपणे मांडणारा आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं ते मांडत राहणारा शास्त्रज्ञ म्हणजे स्कॉट हॉलस्टेड. डेंगीची लस इतकी का रखडली, हे समजून घ्यायचं तर या माणसाच्या कामापासून सुरुवात करावी लागते.

डेंगी तसा जुना. अंग मोडून काढणारा म्हणून त्याला हाडमोड्या ताप म्हणत. आठवडाभर माणूस अंथरुणाला खिळायचा, पण उठायचा. तो जीव घेतो असं कुणी समजत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात आशिया आणि पॅसिफिकमध्ये सैनिक या तापाने पटापट आडवे पडू लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने त्याचा पाठपुरावा सुरू केला. पुढे पोलिओच्या तोंडी लशीमुळे नाव झालेले अल्बर्ट सेबिन तेव्हा याच कामावर होते. विषाणू एकाच जातीचा नाही, निदान दोन प्रकार आहेत, हे त्यांनी दाखवलं. स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. एका प्रकाराचा डेंगी झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, दुसऱ्या प्रकारापासून मात्र जेमतेम काही महिने. त्या काही महिन्यांनंतर काय होतं, हा प्रश्न तेव्हा कुणाला तातडीचा वाटला नाही.

१९५३-५४ मध्ये मनिलात लहान मुलं वेगळ्याच तापाने दगावू लागली. अंगावर लाल ठिपके, नाकातून, हिरड्यांतून रक्त, आणि मग अचानक शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं. १९५६ मध्ये अमेरिकी विषाणूतज्ज्ञ विल्यम हॅमन यांनी तिथल्या रुग्णांमधून डेंगीचे विषाणू वेगळे केले, आणि त्यात दोन नवे प्रकार सापडले. एकूण चार झाले. १९५८ मध्ये हाच आजार बँकॉकमध्ये उसळला. दवाखान्यात आलेल्या दर दहा मुलांमागे एकाच्या आसपास मूल हाती लागत नव्हतं. मोठ्यांना आठवडाभर झोपवणारा ताप मुलांचे जीव का घेऊ लागला, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

हॉलस्टेड यांचा जन्म १९३० चा, आपल्याकडे लखनौमधला. वैद्यकीचं शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झालं. १९५७ मध्ये ते अमेरिकी लष्कराच्या जपानमधल्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे एडवर्ड ब्यूशर आणि त्यांचे सहकारी जपानी मेंदूज्वराचा माग काढत होते. भातखाचरातला क्युलेक्स डास, पाणथळीतले बगळे, गावातली डुकरं आणि शेवटी माणूस, अशी ती साखळी होती. डासांच्या आजारात प्रयोगशाळेबाहेर पडून बघावं लागतं, हा धडा तरुण हॉलस्टेड यांना तिथे मिळाला असणार, असं त्यांचं पुढचं काम बघताना वाटतं. १९६१ मध्ये बँकॉकच्या सिएटो (आग्नेय आशियासाठीची तेव्हाची लष्करी आघाडी) वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत विषाणू विभाग उभारायला ते गेले.

बँकॉकच्या बालरुग्णालयात तेव्हा जे घडत होतं ते डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं समजत नाही. मूल तीन-चार दिवस फणफणलेलं असतं. मग ताप उतरतो. आईला हायसं वाटतं. पण मूल खेळायला उठत नाही, मलूल पडून राहतं, पोट दुखतं म्हणतं. हातपाय गार पडू लागतात. नाडी बारीक होते. रक्तदाबाचा वरचा आणि खालचा आकडा एकमेकांच्या जवळ येत जातो. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव आजूबाजूला झिरपत असतो आणि आत उरलेलं रक्त दाट होत जातं. बाहेर रक्त सांडलेलं दिसेलच असं नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं फुगवून ठेवला आणि सोडला, तर कोपराच्या खोबणीपाशी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. डॉक्टर एका चौरस इंचातले ठिपके मोजायचे. मुलाला वेळेत आणि मोजून सलाइन मिळालं, तर ते दिवस-दोन दिवसांत उठून जेवायला मागतं. नाही मिळालं तर काही तासांत हातचं जातं. या उपचाराची शिस्त बसवण्यात थायलंडच्या डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांचा फार मोठा वाटा आहे. डेंगीची गोष्ट सांगताना त्यांचं नाव मागे पडतं, ते पडू नये. गंभीर डेंगीच्या चार पायऱ्या त्यांनी ठरवल्या, आणि पुढे दशकानुदशकं जगभरचे डॉक्टर त्याच पायऱ्यांवरून उपचार ठरवत राहिले.

१९६२ ते ६४ या काळात हॉलस्टेड, सुचित्रा आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांचं रक्त तपासलं. शहरात चिकुनगुन्याही होता, त्याच एडिस डासाने पसरणारा. त्यामुळे आधी कुणाला काय झालंय हे वेगळं काढावं लागलं. चिकुनगुन्याने ताप यायचा, सांधे धरायचे, पण मुलं शॉकमध्ये जात नव्हती. शॉकमध्ये जाणारी मुलं डेंगीची होती. मग त्यांच्या रक्तातले प्रतिपिंड मोजले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. शॉकमध्ये गेलेल्या बहुतेक मुलांचे प्रतिपिंड झपाट्याने आणि भरमसाट वाढत होते. शरीर एखाद्या विषाणूला पहिल्यांदाच भेटतं तेव्हा असं होत नाही, शरीराला ओळखीची खूण पटली की असं होतं. म्हणजे या मुलांना डेंगी आधी झालेला होता. त्याच शहरात, त्याच डासांत राहणाऱ्या परदेशी लोकांनाही डेंगी होत होता, पण ते शॉकमध्ये जात नव्हते. त्यांची ती पहिलीच खेप होती.

इथवर गणित जुळत होतं. पण आकडेवारीत एक जागा अशी होती की तिने सगळं मोडायला हवं होतं. शॉकमध्ये जाणाऱ्या मुलांत दोन गट होते. एक साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांचा. दुसरा वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांचा, त्यातही सहा ते नऊ महिन्यांच्या. या बाळांना डेंगी पहिल्यांदाच झाला होता, रक्तही तेच सांगत होतं. मग दुसऱ्या खेपेचं काय?

दुसऱ्या कुणी ही बाळं अपवाद म्हणून बाजूला ठेवली असती. हॉलस्टेड यांनी त्यांच्यातच उत्तर शोधलं. बाळ आईच्या पोटातून येताना आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी घेऊन येतं. बँकॉकमधल्या जवळपास प्रत्येक आईला डेंगी होऊन गेलेला होता. पहिले काही महिने ती शिदोरी भरपूर असते आणि बाळ सुरक्षित असतं. वर्षानंतर ती संपलेली असते, तेव्हा बाळाचा धोका कमी होतो. मधल्या महिन्यांत मात्र ती उतरणीला लागलेली असते, विषाणूला मारायला अपुरी, पण पूर्ण संपलेली नाही. नेमकी तेव्हाच बाळं शॉकमध्ये जात होती. मोठ्या मुलांच्या अंगात पहिल्या डेंगीचे प्रतिपिंड, बाळांच्या अंगात आईचे. दोन्हीकडे समान गोष्ट एकच, अर्धेमुर्धे प्रतिपिंड. मला या सगळ्या कथेतला हा क्षण सर्वांत विलक्षण वाटतो.

थोडे प्रतिपिंड काहीच नसण्यापेक्षा वाईट कसे असू शकतात? धागा ऑस्ट्रेलियात सापडला होता. रॉयल हॉक्स यांनी १९६४ मध्ये डेंगीच्याच कुळातल्या विषाणूंवर प्रयोग करताना पाहिलं होतं की प्रतिपिंड असलेला रक्तद्रव खूप पातळ करून घातला तर विषाणू घटण्याऐवजी वाढतो. हॉलस्टेड १९६८ मध्ये हवाई विद्यापीठात गेले आणि तिथे पंधरा वर्षं त्यांनी याच एका कोड्याचा पिच्छा पुरवला. १९७३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की डेंगी होऊन गेलेल्या माकडांच्या पांढऱ्या पेशींत डेंगीचा विषाणू वाढतो, डेंगी न झालेल्यांच्या पेशींत वाढत नाही. पुढे १९७७ मध्ये नेमक्या पेशी कोणत्या तेही पक्कं झालं, रक्तातल्या मोनोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार.

प्रयोग असा डोळ्यांपुढे आणता येतो. नळ्यांची एक रांग. प्रत्येकीत त्याच पेशी, तेवढाच विषाणू. पहिल्या नळीत प्रतिपिंडांचा रक्तद्रव दाट, पुढच्या प्रत्येक नळीत आणखी पातळ. पहिल्या नळ्यांत विषाणू मरतो. शेवटच्या, जवळपास पाण्यासारख्या नळीत प्रतिपिंडांचा काही परिणामच उरत नाही. मधल्या नळ्यांत विषाणू बेसुमार वाढतो. प्रतिपिंडाचं एक टोक विषाणूला धरतं, दुसरं टोक मोनोसाइटच्या ओळखीचं असतं. एरवी मोनोसाइट अशी पकडून आणलेली शिकार गिळून पचवते. पण विषाणूला निकामी करण्याइतके प्रतिपिंड त्याच्यावर बसलेले नसले, तर तो जिवंतच आत जातो, आणि डेंगीला वाढायला हीच पेशी हवी असते. पहारेकऱ्यानेच चोराला हात धरून घरात आणून सोडावं, तसं.

माकडांना बाळाच्या नाळेतल्या रक्ताचा द्रव टोचून विषाणू दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातला विषाणू वाढला. १९७९ चा हा प्रयोग. माकडं शॉकमध्ये गेली नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. माणसासारखा डेंगी कोणत्याच प्राण्यात होत नाही, आणि म्हणून टीकाकारांना जागा कायम राहिली.

सगळ्यात कडवे टीकाकार हवाईतच, होनोलुलूत होते. विषाणूतज्ज्ञ लिओन रोझन यांचं म्हणणं सरळ होतं. विषाणूचे काही वाणच जहाल असतात, पहिली-दुसरी खेप हा योगायोग आहे. त्यांच्याकडे पुरावाही होता. १९७२ मध्ये पॅसिफिकमधल्या निउए या छोट्या बेटावर डेंगीची साथ आली. तिथे आधीची कित्येक वर्षं डेंगी फिरलेला नव्हता, तरी माणसं रक्तस्रावाने आणि शॉकने दगावली. दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि माझ्या मते तो विज्ञानाला पोषकच ठरला, कारण दोघांनाही अंशतः बरोबर म्हणावं लागलं. १९९५ मध्ये पेरूच्या इकिटोस शहरात प्रकार दोनचा अमेरिकन वाण पसरला. बहुतेकांची ती दुसरी खेप होती, पण गंभीर आजार जवळपास झालाच नाही. म्हणजे दुसरी खेप धोका वाढवते, पण विषाणूचा वाण आणि खेपांचा क्रम यांनाही महत्त्व आहे.

रोझन यांना उत्तर मिळालं ते क्युबातून. १९७७ मध्ये क्युबात डेंगीचा प्रकार एक आला. लाखो लोकांना ताप आला, पण आजार सौम्य होता. १९८१ मध्ये प्रकार दोन आला. ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू, त्यातली १०१ लहान मुलं. तिथले संशोधक गुस्तावो कौरी आणि मारिया ग्वादालुपे गुझमान यांनी रुग्णांची माहिती बारकाईने नोंदवून ठेवली. पहिल्या साथीनंतर जन्मलेली एक-दोन वर्षांची मुलं जवळपास सगळी गंभीर आजारातून वाचली होती. मग क्युबाने डासांविरुद्ध जी मोहीम उघडली तिने डेंगी हद्दपारच केला, आणि नकळत एक अजब प्रयोग मांडून ठेवला. १९९७ मध्ये सांतियागो द क्युबा शहरात प्रकार दोन पुन्हा शिरला. बारा जण दगावले, सगळे प्रौढ. पहिल्या साथीनंतर जन्मलेली, डेंगी कधी न पाहिलेली तरुण पिढी गंभीर आजारातून सुटली. पहिल्या खेपेची आठवण शरीराने वीस वर्षं जपून ठेवली होती आणि ती अजूनही घातक होती.

दरम्यान १९८३ मध्ये हॉलस्टेड रॉकफेलर फाउंडेशनमध्ये गेले. या संस्थेचं पुण्याशी जुनं नातं. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जोडीने तिनेच पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं केलं, ज्याला आपण आज राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) म्हणून ओळखतो. कलकत्त्यातली १९६३ ची साथ, ज्यात डेंगी आणि चिकुनगुन्या एकत्र आले होते, किंवा १९७३ ची बार्शीतली चिकुनगुन्याची साथ, ही या केंद्राच्या नोंदवहीतली ठळक पानं. रॉकफेलरमध्ये हॉलस्टेड यांचं काम बरंचसं सार्वजनिक आरोग्याचं होतं. कमी खर्चात चांगलं आरोग्य मिळवणाऱ्या केरळ, श्रीलंका, चीन आणि कोस्टा रिका यांच्यावरच्या १९८५ च्या गाजलेल्या अहवालाचे ते एक संपादक.

पण डेंगीने त्यांना सोडलं नाही. लस करायची तर चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी पुरेसं संरक्षण द्यायला हवं, एखादा प्रकार कच्चा राहिला तर लसच पहिल्या खेपेसारखी वागेल, हे त्यांच्या संशोधनातून सरळ निघत होतं. फ्रेंच कंपनी सनोफीची डेंगव्हॅक्सिया ही परवाना मिळालेली पहिली लस. ती पीतज्वराच्या लशीतल्या विषाणूवर डेंगीचं कवच चढवून केलेली. चाचण्यांत तीस हजारांहून अधिक मुलं होती. तिसऱ्या वर्षी एक आकडा खटकला. आशियातल्या दोन ते पाच वर्षांच्या लस घेतलेल्या मुलांना डेंगीने रुग्णालयात जावं लागण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांच्या सातपटीहून जास्त होतं. ते लहान वयामुळे असावं असं मानलं गेलं आणि नऊ वर्षांवरच्यांसाठी लशीला परवाने मिळाले. २०१६ मध्ये हॉलस्टेड आणि फिलिप रसेल यांनी लिहून इशारा दिला. कारण वय नाही. लहान मुलांना डेंगी आधी झालेला नाही, हे कारण आहे. आणि नऊ वर्षांवरही अशी मुलं असतीलच.

एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्सने शाळांमधून ही लस द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. अडचण अशी होती की चाचणीच्या वेळी बहुतेक मुलांचं लशीआधीचं रक्त घेऊन ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला आधी डेंगी झाला होता हे कळायला मार्ग नव्हता. मार्ग निघाला तो एनएस१ मधून. लशीचा आतला सांगाडा पीतज्वराचा असल्याने डेंगीच्या एनएस१ विरुद्धचे प्रतिपिंड लशीमुळे तयार होत नव्हते, ते दिसले तर मुलाला खरा डेंगी झाला होता असं धरता येत होतं. साठवलेले नमुने असे तपासले गेले आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी कंपनीने जाहीर केलं की डेंगी न झालेल्यांना या लशीने गंभीर आजाराचा धोका वाढतो. मनिलातल्या आईबापांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. मुलांना वाचवायला म्हणून जे त्यांच्या दंडात टोचून घेतलं तेच त्यांच्या जिवावर उठणार का, या प्रश्नाने घरंच्या घरं हादरली. लशी महत्त्वाच्या आहेत असं २०१५ मध्ये तिथे ९३ टक्के लोक ठामपणे सांगत होते, २०१८ मध्ये ते प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. त्यानंतरच्या वर्षी गोवराची मोठी साथ आली. डेंगी आधी झालेल्यांना ही लस खरोखर उपयोगी पडते, ही गोष्ट त्या धुरळ्यात हरवून गेली. इशारा वेळेत दिला गेला होता, आणि तो देणारा माणूस या विषयात पन्नास वर्षं मुरलेला होता. त्याचं ऐकलं गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१७ मध्येच निकाराग्वातल्या मुलांच्या बारा वर्षांच्या नोंदींवरून लिआ कॅट्झेलनिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिपिंडांचं प्रमाण एका ठराविक मधल्या पट्ट्यात असताना गंभीर डेंगीचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याच्या वर संरक्षण, त्याच्या खाली साधा ताप. नळ्यांच्या रांगेतलं चित्र आता माणसांत दिसत होतं.

आपल्याकडे दिल्लीने १९९६ मध्ये गंभीर डेंगीचा तडाखा अनुभवला, १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू. आता अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्षीण केलेल्या चार विषाणूंवर आधारलेली डेंगीऑल ही एका डोसची लस पॅनेशिया बायोटेक या भारतीय कंपनीने बनवली आहे. आयसीएमआरच्या साथीने तिची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकहून सुरू झाली. १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून दहा हजारांहून अधिक प्रौढ तिच्यात घ्यायचे आणि दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, असं ठरलं. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही याच विषाणूंपासून लस करते आहे. लस घेतल्यावर वर्षानुवर्षं थांबून का बघायचं, असं विचारणाऱ्याने मनिला आठवावं.

२०१७-१८ मध्ये आयसीएमआरने देशभर केलेल्या रक्तपाहणीत पाच ते पंचेचाळीस वर्षांच्या ४८.७ टक्के लोकांना डेंगी होऊन गेल्याचं दिसलं. पश्चिम भारतात हे प्रमाण ६२ टक्के होतं. पण देशातल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांत ते २८ टक्केच होतं. सध्याची चाचणी प्रौढांवर आहे. लस मुलांपर्यंत येईल, तेव्हा त्या वयाच्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांची डेंगीशी पहिली ओळख त्या सुईतूनच होणार आहे.